लग्न एक, रिटर्न चार

समलिंगी जोडप्यांना टॅक्समध्ये समान वागणूक हवी असं म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे यांना आता सवलत पण पाहिजे का? हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा आकडे मांडूनच लिहावं. कारण आकडे मांडले की कळतं यातल्या बऱ्याच जोडप्यांचा टॅक्स समानता मिळाल्यावर उलट वाढला. अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण तिथे हा विषय पार डॉलर-सेंटपर्यंत भांडून झालाय, आपल्याकडे तो आत्ता कुठे कोर्टाच्या दारात उभा आहे.

तिकडे लग्नाला मान्यता राज्य देतं, टॅक्स मात्र राज्यही घेतं आणि केंद्रही घेतं. 21 सप्टेंबर 1996 ला बिल क्लिंटननी एका कायद्यावर सही केली, त्याला सगळे डोमा म्हणतात. त्यातलं तिसरं कलम अगदी छोटं होतं, केंद्राच्या कुठल्याही कायद्यात लग्न म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक बाई, आणि जोडीदार म्हणजे फक्त विरुद्ध लिंगाची व्यक्ती. बास एवढंच. पण केंद्राच्या ज्या ज्या तरतुदीत लग्नावर काहीतरी अवलंबून आहे अशा नंतर सरकारी ऑडिटवाल्यांनी मोजल्या तेव्हा 1,138 निघाल्या, टॅक्स, पेन्शन, व्हिसा, सैनिकांचे भत्ते, सगळं. 1996 मध्ये कुठल्याच राज्यात असं लग्न होत नव्हतं त्यामुळे कुणाला फारसं काही जाणवलं नाही. 17 मे 2004 पासून मॅसॅच्युसेट्समध्ये लग्नं लागायला लागली आणि मग मजा सुरू झाली.

म्हणजे बघा, बोस्टनमधल्या दोन बायका. राज्याच्या लेखी त्या विवाहित, म्हणून राज्याचं रिटर्न विवाहित म्हणूनच भरायचं. केंद्राच्या लेखी त्या एका घरात राहणाऱ्या दोन अविवाहित बायका, म्हणून केंद्राची दोन वेगवेगळी रिटर्न. पण राज्याच्या रिटर्नमधले आकडे केंद्राच्या रिटर्नवरून उचलायचे असतात, आणि केंद्राचं जॉइंट रिटर्न तर अस्तित्वातच नाही. मग काय करायचं, तर एक खोटं खोटं जॉइंट रिटर्न भरायचं, ते कुठेही पाठवायचं नाही, त्यातले आकडे फक्त राज्याच्या फॉर्ममध्ये उतरवायचे. लग्न एक, रिटर्न चार, आणि टॅक्सवाल्याची फी त्या हिशेबाने. वर केंद्राच्या फॉर्मवर आपण सिंगल आहोत असं खरं लिहिल्याची सही करायची, घरात लग्नाचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असताना.

आता जॉइंट रिटर्न म्हणजे काय ते आपल्याकडच्या लोकांसाठी सांगायला हवं कारण आपल्याकडे हा प्रकारच नाही. आपल्याकडे नवरा वेगळा, बायको वेगळी, दोघांचे पॅन वेगळे, स्लॅब वेगळे. अमेरिकेत 1948 पासून नवरा-बायको दोघांचं उत्पन्न एकत्र करून एकच रिटर्न भरू शकतात आणि त्यांच्यासाठी स्लॅब जास्त रुंद असतात. एकजण कमावतो आणि दुसरा घर सांभाळतो अशा जोडप्याला याचा जबरदस्त फायदा. डोमाच्या शेवटच्या पूर्ण वर्षाचे म्हणजे 2012 चे दर घेऊन हिशेब करू. एकाचा पगार 1 लाख डॉलर, दुसऱ्याचा शून्य, बाकी कुठलीही वजावट नाही. नवरा-बायको असतील तर टॅक्स साधारण 12,185 डॉलर. दोन नवरे असतील तर कमावणारा सिंगल म्हणून 18,730 डॉलर भरणार. साडेसहा हजारांचा फरक, दर वर्षी. जोडीदाराला अवलंबून म्हणून दाखवता आलं तर हजारेक डॉलरने कमी होतो, पण तेवढाच.

नोकरीतल्या मेडिकल इन्शुरन्सचं तर अजूनच विचित्र होतं, आणि हे मला स्वतःला जास्त चीड आणणारं वाटतं कारण हे दर महिन्याच्या पगाराच्या स्लिपवर दिसायचं. कंपनी बायकोचा हप्ता भरते तेव्हा त्यावर टॅक्स नसतो. पण जोडीदार केंद्राच्या लेखी कुणीच नाही म्हटल्यावर कंपनीने भरलेला हप्ता म्हणजे कर्मचाऱ्याला दिलेला जादा पगार धरायचा. समजा वर्षाचा हप्ता 6,000 डॉलर, ते पैसे हातात कधी आलेच नाहीत, पण 25 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये 1,500 डॉलर टॅक्स मात्र खरा कापला जाणार, वर सोशल सिक्युरिटीची कपात वेगळी. 2010 मध्ये गूगलने ही रक्कम आपल्या लोकांना पगारात भरून द्यायला सुरुवात केली, मग त्या भरून दिलेल्या रकमेवर पण टॅक्स लागतो म्हणून अजून थोडी जास्त द्यायची, असा तो मामला. ज्यांची कंपनी असं भरून देत नव्हती त्यांनी गपगुमान भरला.

डोमा ज्या केसमध्ये कोसळला ती मात्र इन्कम टॅक्सची नव्हतीच, वारसा कराची होती. एडिथ विंडसर, आयबीएममध्ये प्रोग्रामर. थिया स्पायर, मानसोपचार करणारी. 1963 मध्ये न्यूयॉर्कला ग्रिनिच व्हिलेजमधल्या एका हॉटेलात भेटल्या. 1967 मध्ये थियाने मागणी घातली ती अंगठी देऊन नाही तर हिऱ्यांची गोल ब्रूच देऊन, कारण बोटात अंगठी दिसली असती तर ऑफिसात विचारलं असतं, कोण गं तो? पुढे थियाला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला, हळूहळू काठी, मग व्हीलचेअर, एडिथने तिचं सगळं केलं. न्यूयॉर्कमध्ये लग्न होत नव्हतं म्हणून 2007 मध्ये टोरांटोला जाऊन लग्न केलं. 5 फेब्रुवारी 2009 ला थिया गेली. चाळीस वर्षांहून जास्त संसार.

थियाने सगळं एडिथच्या नावे केलं होतं. अमेरिकेत माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर कर लागतो, 2009 मध्ये 35 लाख डॉलरच्या वरच्या भागावर 45 टक्के. पण नवऱ्याकडून बायकोला किंवा उलट जे जातं त्यावर शून्य, कितीही असो. यामागचा विचार असा की संसार दोघांचा, एक गेला म्हणून दुसऱ्याला स्वतःच्याच घरासाठी कर भरायला लावू नये, दोघंही गेल्यावर पुढच्या पिढीकडे जाताना काय तो एकदाच घ्यावा. विचार रास्तच आहे. फक्त थियाच्या जागी थिओ नावाचा पुरुष हवा होता. नव्हता, म्हणून बिल आलं 3,63,053 डॉलर. न्यूयॉर्क राज्य या लग्नाला मानत होतं, आयआरएस म्हणजे केंद्राचं टॅक्स खातं मानत नव्हतं.

एडिथने पैसे भरले आणि 2010 मध्ये परतावा मागायला केंद्र सरकारवर केस टाकली, तेव्हा तिचं वय 81. पुढे गंमत अशी झाली की 2011 मध्ये ओबामा सरकारने जाहीर केलं की आम्हालाही हे कलम घटनाबाह्य वाटतं, आम्ही याची बाजू मांडणार नाही, पण पैसेही परत करणार नाही, कारण कायदा अजून पुस्तकात आहे. मग संसदेतल्या रिपब्लिकन लोकांनी स्वतःचा वकील देऊन कायद्याची बाजू लढवली. सुप्रीम कोर्टात सुनावणी चालू असताना जस्टिस गिन्सबर्ग म्हणाल्या की म्हणजे एक पूर्ण लग्न आणि एक साय काढलेल्या दुधासारखं लग्न असे दोन प्रकार झाले की. 26 जून 2013 ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार, तिसरं कलम रद्द, पैसे व्याजासकट परत.

त्यानंतर आयआरएसने 29 ऑगस्ट 2013 ला नियम काढला तो मला अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. जोडपं राहतं कुठे हे बघायचं नाही, लग्न जिथे लागलं तिथे ते कायदेशीर होतं ना, झालं, देशात कुठेही राहा, केंद्राच्या लेखी विवाहित. परदेशात लागलेलं असलं तरी. नाहीतर बदलीमुळे दुसऱ्या राज्यात गेलं की लग्न मोडलं आणि परत आलं की जुळलं असं झालं असतं. पण यात ज्यांनी लग्न न करता नुसती पार्टनर म्हणून नोंदणी केली होती ते बाहेरच राहिले. आणि जॉर्जियासारख्या ज्या राज्यांनी मान्यता दिली नव्हती तिथे तर गाडी नेमकी उलटी फिरली, केंद्राचं रिटर्न जॉइंट आणि राज्याची दोन सिंगल, परत तेच खोटे आकडे बनवणं, फक्त दिशा बदलली. 26 जून 2015 ला सगळ्या राज्यांत लग्न मान्य झालं तेव्हा हा ताप संपला.

आता येऊ टॅक्स वाढण्याकडे. तेच 2012 चे दर, पण आता दोघंही कमावते, प्रत्येकी दीड लाख डॉलर. दोन सिंगल म्हणून भरलं तर दोघांचा मिळून टॅक्स 65,461 डॉलर. नवरा-बायको म्हणून एकत्र भरलं तर 69,471. चार हजार जास्त! कारण वरच्या स्लॅबमध्ये जॉइंटची रुंदी सिंगलच्या दुप्पट नव्हती. याला तिकडे मॅरेज पेनल्टी म्हणतात, लग्नाचा दंड. दोन बऱ्या पगाराच्या जोडप्यांना निकालानंतर हा दंड लागला, आणि अगदी कमी पगारवाल्या काही जोडप्यांना पण लागला कारण गरिबांसाठीचं क्रेडिट, म्हणजे थेट टॅक्समधून वजा होणारी रक्कम, दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं की उडतं. मागची तीन वर्षं, 2010 ते 2012, सुधारून भरायची मुभा होती पण सक्ती नव्हती, म्हणजे ज्यांना परतावा मिळणार होता त्यांनी भरलं आणि ज्यांचं वाढणार होतं त्यांनी तिकडे बघितलंच नाही. मला यात काही वावगं वाटत नाही, इतकी वर्षं सरकारनेच त्यांना अविवाहित म्हटलं होतं ना.

डोमाच्या काळात अशा पळवाटा निघाल्याच होत्या. दत्तक घेतल्यावर एक क्रेडिट मिळतं, 2012 मध्ये जास्तीत जास्त 12,650 डॉलर. नवरा-बायकोतल्या एकाने दुसऱ्याचं मूल दत्तक घेतलं तर ते मिळत नाही. पण समलिंगी जोडपं केंद्राच्या लेखी जोडपंच नाही, मग आईच्या जोडीदाराने मूल दत्तक घेतलं तर क्रेडिट देणं आलंच, आणि आयआरएसने ते दिलं. तुम्ही आम्हाला परकं म्हणता ना, मग परक्यांचे फायदे पण द्या. निकालाबरोबर हे पण गेलं. सांगायचा मुद्दा, तागडी दोन्हीकडे झुकते, आणि सवलत पाहिजे का या प्रश्नाला उत्तर म्हणून मला एवढंच पुरेसं वाटतं.

न्यू जर्सी वगैरे भागातल्या आपल्या मंडळींसाठी एक जाता जाता. नवरा-बायकोत वारसा कर शून्य हे मागे राहणारा जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तरच सरसकट लागू होतं. ग्रीन कार्डवर किंवा एच-वन-बीवर असाल तर वेगळा ट्रस्ट वगैरे करावा लागतो, आणि हे स्त्री-पुरुष जोडप्यालाही तसंच्या तसं लागू आहे. मालमत्ता मोठी असेल तर वकिलाला विचारा.

आता आपल्याकडे. गंमत म्हणजे जॉइंट रिटर्नसारखा प्रकार भारतात गोव्यात आहे (आणि दमण-दीव, दादरा-नगर हवेलीत). तिथे पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणून 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम 5ए आहे, पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे मडगावच्या घराचं भाडं, एफडीचं व्याज, धंद्याचा नफा, नवरा-बायकोत निम्मं निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. रिटर्नच्या फॉर्ममध्ये प्रश्नच असतो की तुम्हाला पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू आहे का. कॅलिफोर्नियात पण अशीच सामाईक मालमत्तेची पद्धत आहे आणि तिथे 2010 मध्ये, म्हणजे डोमा जिवंत असताना, आयआरएसने नोंदणी केलेल्या समलिंगी पार्टनर्सना सांगितलं होतं की राज्याच्या कायद्याने कमाई दोघांची आहे तर निम्मी निम्मी दाखवा. लग्न मानत नाही पण वाटणी मानतो! गोव्यात तसं होण्याची सध्या शक्यता नाही कारण कलमात पती आणि पत्नी असंच लिहिलंय.

बाकी महाराष्ट्रात आणि देशात खरी अडचण एकाच ठिकाणी आहे, गिफ्ट. आपल्याकडे वारसा कर 1985 मध्येच गेला. मृत्युपत्राने कुणीही कुणालाही काहीही द्यावं, घेणाऱ्याला इन्कम टॅक्स नाही, नातं असो नसो. म्हणजे एडिथला जो फटका बसला तो इथे बसणार नाही. पण जिवंतपणी दिलं तर? 1961 च्या कायद्याचं कलम 56(2)(एक्स) म्हणतं, वर्षात 50,000 रुपयांपेक्षा जास्त भेट मिळाली तर ती अख्खी तुमचं उत्पन्न, नुसती 50,000 च्या वरची नाही, अख्खी. यातून नातेवाईक वगळलेत आणि नातेवाईकांच्या यादीत पहिलाच शब्द जोडीदार. मामा, मावशी, आत्या, काका सगळे आहेत त्या यादीत, जोडीदाराचे आईवडील, भाऊबहीणसुद्धा आहेत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या इन्कम टॅक्स कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, नातेवाईकांची यादी तशीच जोडीदारापासून सुरू होते.

आता पुण्यातली दोन मुलं धरा, दहा-बारा वर्षं एकत्र, एकाच्या नावावर 1 कोटीचा फ्लॅट. नवऱ्याने बायकोला असा फ्लॅट बक्षीसपत्राने दिला तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, स्थानिक अधिभार आणि नोंदणी खर्च काय असेल तो वेगळा, आणि इन्कम टॅक्स शून्य. या दोघांतल्या एकाने दुसऱ्याला दिला तर मुद्रांक शुल्क विकत घेतल्यासारखं पूर्ण, म्हणजे पाच लाखांच्या वर, आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात त्या वर्षी 1 कोटी रुपये मिळवायचे. तो आधीच 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर 30 लाख, वर सरचार्ज आणि सेस. स्वतः राहतोय त्याच घरासाठी. घर विकल्याशिवाय टॅक्स भरता येणार नाही अशी अवस्था. मेल्यावर दिलं तर फुकट आणि जिवंतपणी दिलं तर सगळं मिळून चाळीस लाखांच्या वर, हे ज्याला न्याय्य वाटतं त्याने मला समजावून सांगावं.

लहान रकमांचं पण तेच. लग्नाच्या प्रसंगी मिळालेल्या भेटींवर टॅक्स नाही, पण कायद्याला लग्न दिसतच नाही तर प्रसंग कुठला? समजा जोडीदाराच्या आईने कौतुकाने सोन्याच्या पाटल्या घातल्या, दागिने पण यात येतात, आणि आजच्या भावात 50,000 कुठच्या कुठे ओलांडले जातात. सासू असती तर माफ. कायद्यासाठी ती मित्राची आई. 1961 च्या कायद्याच्या कलम 80डी मध्ये जुन्या कर-पद्धतीने मेडिक्लेमची वजावट घेताना जोडीदाराचा हप्ता भरला तर मोजत नाहीत तेही आलंच.

फायदा पण आहे इथे, लपवायला नको. नवऱ्याने बायकोच्या नावे एफडी टाकली तर त्याचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, 1961 च्या कायद्याचं कलम 64, क्लबिंग म्हणतात त्याला. समलिंगी जोडप्याला क्लबिंग लागत नाही. उद्या जोडीदार म्हणून मान्यता मिळाली तर गिफ्टची माफी येईल आणि तिचा हात धरून क्लबिंगही येईल.

17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा, आणि सरकारने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून बाकीच्या अडचणी बघाव्यात. त्यातून ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की जॉइंट बँक खातं उघडायला आणि नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. बरं झालं, पण खातं जॉइंट झालं म्हणून पैसा जॉइंट होत नाही, एकाने टाकलेले दुसऱ्याने स्वतःसाठी काढले की गिफ्टचा प्रश्न परत उभा. मग 2025 मध्ये एका जोडप्याने मुंबई हायकोर्टात याचिका टाकली की गिफ्टच्या कलमातल्या जोडीदार शब्दातून आम्हाला वगळणं घटनेविरुद्ध आहे, आणि कोर्टाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. मला ही याचिका हुशार वाटते. लग्न द्या असं ती मागतच नाही, फक्त हा एक टॅक्स समान लावा म्हणते. अवघड भाग असा की लग्नाचा कागद नसेल तर जोडीदार कोण हे असेसिंग ऑफिसरने ओळखायचं कशावरून, आणि सरकार बोट ठेवणार ते तिथेच ठेवणार.

तोपर्यंत लोक काय करतात, तर घर घेतानाच दोघांच्या नावावर घेतात आणि ज्याने जेवढे पैसे घातले तेवढाच हिस्सा करारात लिहितात. दुसऱ्याकडे पैसे नसतील तर पहिल्याने कर्ज दिलं असा साधा करार करून बँकेतूनच पैसे देतात, रोख नाही, आणि मधेमधे थोडी परतफेड खरंच करतात कारण नुसता कागद टिकत नाही. घरखर्चाचे पैसे पाठवताना ट्रान्सफरच्या रकान्यात भाडं, लाईट बिल, किराणा असं लिहून ठेवतात, म्हणजे उद्या नोटीस आली तर ही भेट नाही, वाटून घेतलेला खर्च आहे असं दाखवता येतं. आणि मृत्युपत्र आधी करा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट, शक्य असेल तर रजिस्टर करून, कारण मृत्युपत्र नसेल तर टॅक्सचा प्रश्न येतच नाही, सगळं सरळ घरच्यांकडे जातं.